नाव पुकारून घेतलेली कॅसेट

काकूंचं नाव आधी घेते. म्हणजे नाव असं घेत नाही, त्यांना ते चालायचं नाही. पण मी आज पुण्यात आहे ती कसबा पेठेतल्या एका कॅसेटच्या दुकानामुळे आणि ते दुकान चालवणाऱ्या काकूंमुळे, एवढं सुरुवातीलाच लिहून ठेवते. पुढचं वाचताना कुणाला वाटेल की अमुक मी केलं, तमुक माझ्या डोक्यातून निघालं. थोडंफार निघालंही असेल. पण मला त्या दारातून आत घेतलं काकूंनी, आणि बाहेर जायची वेळ आली तेव्हा दारात आडव्या उभ्या राहिल्या त्याही काकूच.

मी भंडाऱ्याकडची. नववीत शाळा सुटली. कारण सांगण्यासारखं मोठं नाही. हायस्कूल तालुक्याला होतं, तिकडे जाणारी एसटी बंद झाली, आणि मुलीला सायकल घ्यावी की नाही ह्यावर घरात एकमत होईना. एकमत होईपर्यंत वर्ष गेलं. मग मी घरीच. थोरला भाऊ भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि दापोडीला एका खोलीत राहायचा. वहिनीचं बाळंतपण आलं तेव्हा हाताशी कुणीतरी हवं म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं. बाळ चालायला लागलं की मी परत, असं ठरलं होतं. तिकडे आईनं एक स्थळही बघून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. मलाच जायचं नव्हतं. पुण्यात मला कोणी ओळखत नव्हतं. त्याची मला भीतीही वाटायची आणि ते सोडवतही नव्हतं.

एप्रिल जवळ आला तशी वहिनी म्हणाली, जयंतीच्या गाण्यांची एखादी कॅसेट तरी आण, घर कसं मुकं मुकं वाटते. आमच्याकडे जयंती म्हटलं की एकच जयंती, आणि तिची गाणी म्हणजे गावोगावच्या गायन पार्ट्यांची. पेटी, ढोलकी, पुढे गाणारी बाई नाहीतर बुवा, मागे कोरस. बसनं मनपाच्या स्टॉपला उतरले आणि विचारत विचारत कसब्यात शिरले. पहिलं दुकान दिसलं ते काकूंचं. काउंटरमागे साठीच्या आसपासच्या एक बाई पेपर वाचत बसल्या होत्या.

"जयंतीची गाणी आहेत का जी?"

"कोणाची जयंती?" पेपर खाली आला नाही.

मी सांगितलं.

"ती नाहीत. नाट्यसंगीत आहे, भावगीतं आहेत, कीर्तनं आहेत. सिनेमाचीही आहेत, पण त्यासाठी तुम्ही इतक्या लांब येणार नाही."

मी वळले. तर मागून हाक आली, "अहो, थांबा जरा. कुठे काम करता का?"

"नाही."

"गाण्यातलं काही कळतं?"

"नाही जी."

"उत्तम. आधीच्याला फार कळायचं. गिऱ्हाईकानं हातात घेतलेली कॅसेट काढून घ्यायचा, ह्यात बुवांचा आवाज लागलेला नाही म्हणून. उद्यापासून या."

आठवड्याभरात मी त्यांची 'तू' झाले. शिक्षण त्यांनी त्यानंतर विचारलं.

"नववी. अर्धी," मी म्हणाले. मला वाटलं, संपलं.

"चालेल. कॅसेटलाही दोन बाजू असतात. निम्मे लोक एकच ऐकतात."

भाऊ मात्र लगेच तयार झाला नाही. खोली एक, त्यात आम्ही चौघं, आणि आईचा दर रविवारी शेजाऱ्यांच्या फोनवर एकच प्रश्न: पोरीले कधी पाठवतं? शेवटी म्हणाला, "दुकान चालते तोवर राय. ज्या दिवशी बंद पडंल, त्या दिवशी तुयं तिकीट काढतो." भाऊ दुष्ट नव्हता. त्याला एक सरळ नियम हवा होता, तो त्यानं केला. पण माझा स्वभाव असा की प्रत्येक गोष्टीत आधी वाईटच दिसतं. त्या दिवसापासून रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी आले की मान उंच करून आधी दुकानाकडे बघायचे. शटर वर दिसलं की मगच मी नीट चालायला लागायचे.

आणि शटरची काळजी करण्यासारखी परिस्थिती होतीच. काका, म्हणजे काकूंचे यजमान, होते तेव्हा दुकानात कॅसेट भरून द्यायचे. लोक कोरी कॅसेट आणायचे, हवी ती गाणी सांगायचे, दोन दिवसांनी घेऊन जायचे. काका गेल्यावर काकूंनी ते बंद केलं. "एकाच काउंटरवर ओरिजिनल विकायची आणि तिचीच नक्कल करून द्यायची, मला दोन्ही जमणार नाही," एवढंच त्या म्हणायच्या. तत्त्व वगैरे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. पण बंद केलं ते केलं. त्यानंतर भरून घेणारी गिऱ्हाइकं गेली, आणि मग मंडईजवळच्या फुटपाथवर एमपीथ्रीच्या सीड्या आल्या. आमच्या दहा-बारा कॅसेटींतलं सगळं त्या एका तबकडीत, भजी घ्यावीत तशी लोक कागदात गुंडाळून न्यायचे.

तरुण मुलंमुली मात्र दुकानात यायची. रोज यायची. "काकू, ती नवीन आली का?" म्हणून हेडफोन लावायची, उभ्या उभ्या अख्खी बाजू ऐकायची, मान हलवायची, "थँक्यू काकू" म्हणून जायची. त्यांतला एक गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून यायचा. सॉफ्टवेअरमध्ये होता. फार सभ्य मुलगा. येताना चप्पल बाहेर काढायचा. एक दिवस मी धीर करून विचारलं, "घेत का नाही तुम्ही?"

"अगं, ऑफिसात सगळं आहे. सर्व्हरवर कोणीतरी टाकतं, मग सगळे घेतात. सीडी राइट करायला पाच मिनिटं."

"मग इथे कशाला येता आपण?" काकूंनी विचारलं.

"काय घ्यायचं ते कळायला नको का, काकू?"

"बरोबर. पाटी लावते. 'येथे चोरीसाठी मोफत मार्गदर्शन मिळेल.'"

तो मनापासून हसला. "चोरी काय, काकू! कोणाचं काही जातंय का? त्याची त्याच्याकडेच राहते, मला एक मिळते. गाणं काय, वाटल्यानं संपतं?"

तो खोटं बोलत नव्हता. आमच्या गावात मी ओरिजिनल कॅसेट कधी बघितलीच नव्हती. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी आमच्या घरापर्यंत पोचायची तेव्हा ढोलकी पिठाच्या गिरणीसारखी वाजायची. तरी आम्ही तिच्यावर नाचलो होतोच. हाच मुलगा महिन्याभरानं आला आणि वडिलांच्या एकसष्टीला द्यायला म्हणून नाट्यसंगीताचा अख्खा संच घेऊन गेला. काकूंनी बिल करताना भुवई वर केली. "ऑफिसात नव्हतं वाटतं हे?"

"आहे ना. पण बाबांना द्यायचंय. द्यायचं तर ओरिजिनलच पाहिजे."

पुढच्या मार्चमध्ये काकूंचा भाचा आला. त्याला त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. तो काकूंशी हळू बोलत होता, पण दुकान एवढंसंच, मला सगळं ऐकू येत होतं. तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "मेअखेरपर्यंत बघते. नाहीतर देऊन टाकते त्याला. तुझं काहीतरी बघू."

तुझं काहीतरी बघू, हे मला ऐकूच आलं नाही. मला दिसलं ते तिकीट. आणि तोंडातून निघून गेलं, "काकू, जयंतीची गाणी ठेवू या. आमच्याकडची माणसं इथे खूप आहेत. वर्कशॉपमध्ये, कॉलेजांत, कंपन्यांत. कुठेच मिळत नाहीत त्यांना."

"घेतील?"

"घेतील," मी म्हणाले. खात्री नव्हती. पण इतक्या ठामपणे मी तोवर कुणाशी बोललेच नव्हते.

आमच्या भागात एक गाणाऱ्या मावशी होत्या. नात्यानं मावशी नव्हत्या, सगळेच त्यांना मावशी म्हणायचे. नवरा पेटीवर, शेजारचा एक ढोलकीवाला, कोरसला दोन सुना. स्वतः पैसे घालून नागपूरला जाऊन कॅसेट करायच्या आणि कार्यक्रमानंतर पिशवीतून विकायच्या. दुकानातून त्यांच्या गावच्या एसटीडी बूथवर फोन लावला. बूथवाला त्यांना बोलवायला सायकलवर गेला. मावशी धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, "पुण्यात? दुकानात? काचंच्या आत?" गोंदियाहून येणाऱ्या गाडीनं गावातल्या एकाबरोबर त्यांनी खोकं पाठवलं. काकूंनी नजरेसमोरचा मधला कप्पा रिकामा केला, कीर्तनं खालच्या कप्प्यात ठेवली. एका जुन्या गिऱ्हाइकानं त्या निळ्या कव्हरांकडे बघत विचारलं, "हे काय आता?"

"कॅसेटी," काकू म्हणाल्या. "चष्मा बदला."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. विदर्भातून शिकायला आलेली होस्टेलची मुलं आली, चार-पाच जण एकदम. पुढारी होता चंद्रपूरकडचा, एम.ए. करणारा, खांद्याला झोळी. आम्ही कॅसेट लावली तर ही मुलं दुकानाबाहेर रस्त्यावर उभी राहून ऐकायला लागली. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलं.

"ताई, एक भरून दे ना," पुढारी म्हणाला.

"भरून देत नाही जी. विकत आहे."

"विकत?" तो मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "ऐकलं का बे? समाजाचं गाणं विकत!" मग माझ्याकडे, "ताई, हे काही सिनेमाचं गाणं नाही. हे पोचवायचं असते. जेवढ्या घरी जाईल तेवढं चांगलं. कॉपी करून वाटणं हे तर धम्माचं काम आहे."

"आणि गाणारीनं काय खायचं?"

"तिले स्टेजवर बक्षीस भेटते ना!"

"भाऊ, तुम्ही पुस्तकं विकत घेता ना?"

"झेरॉक्स काढतो," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळी हसली. मीही हसले. ती चांगली मुलं होती. पण कप्पा तसाच भरलेला राहिला. सॉफ्टवेअरवाल्याचं म्हणणं होतं की गाणं कोणाचंच नसतं, आणि ह्यांचं म्हणणं होतं की गाणं सगळ्यांचं आहे. मला काउंटरमागून दोघांत फरक दिसेना. कॅसेट दोघंही घेत नव्हते.

घरीसुद्धा तेच. भाऊ म्हणाला, "आपल्याच गाण्याचे पैसे कायले? एक घरी आण, मी मित्राच्या डेकवर भरून घेतो."

जयंतीच्या आठवड्यात दापोडीच्या वस्तीतल्या मंडळानं मावशींच्या पार्टीचा कार्यक्रम ठेवला. भाऊ मंडळात होता, मी त्याच्या मागे लागून लागून ते घडवून आणलं होतं. मावशी आदल्या दिवशी आल्या आणि आमच्याच खोलीत उतरल्या. पुरुष मंडळी विहारात. मावशी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मी भाकऱ्या थापत होते. मी विचारलं, "मावशी, सगळे तुमचं गाणं फुकट भरून घेतात. राग नाई येत?"

"कायचा राग वं? मागच्या साली एका गावाले गेली. पहिल्यांदाच गेली. मी तोंड उघडलं त अख्खा मंडप माह्या आधी गाऊन राह्यला. कॅसेट एकाकडं नाई माही, अन् गाणं सगळ्यायले पाठ. गाणं माह्या आधी पोचते, मी मागून एसटीनं जाते. पोचलंच पाहिजे ते." बाळाच्या तळपायाला त्यांनी गुदगुली केली. "पण ढोलकीवाला यंदा बोलला, मावशी, जयंती झाली का मी वीटभट्टीवर जातो. पोट भागत नाई. आता गाण्याची कॉपी निघते, पण ढोलकीवाल्याची कॉपी थोडीच निघते? त्याच्याबिना नवी कॅसेट कशी करू, सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे काकूंना सांगितलं. कप्प्याकडे बघायची मला लाज वाटत होती. काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे गाणाऱ्याला कोणी काही देतच नाही?"

"देतात ना. भरपूर देतात. बक्षीस म्हणून." आणि मी त्यांना ते समजावून सांगितलं. गाणं रंगलं की माणूस उठतो, स्टेजपाशी जातो, नोट आणि चिठ्ठी देतो. गाणं मधेच थांबवून माइकवर पुकारतात: मुक्काम अमुक, तालुका तमुक, अमक्या तमक्यांकडून पार्टीला एवढं एवढं बक्षीस. मग पुन्हा गाणं. घरी तेलाला पैसे नसलेला माणूससुद्धा उठतो.

"म्हणजे गाण्याचे देत नाहीत. नाव पुकारण्याचे देतात."

"दोन्हीचे देतात, काकू."

"मग कॅसेटला पुकारा की. माइक आहे, तोंड आहे. अडलंय कुठे?"

एवढंच बोलून त्या पेपर वाचायला लागल्या. मी तशीच उभी. मग म्हणाले, "काकू, आज जरा लवकर जाऊ?"

"अजून इथेच आहेस?"

भावाला पटवणं सोपं नव्हतं. तो म्हणाला, "बक्षीस म्हंजे बक्षीस. कॅसेट म्हंजे धंदा. लोकं हसतीन. माही बहीण जयंतीत दुकान लावून बसली म्हंतीन."

"हसू दे. मी टेबल मांडते."

"अन् नाई इकलं त?"

"त तिकीट काढ."

हे मी बोलले हे मला बोलल्यावर कळलं. वहिनी चुलीपाशी थबकली. भावानं माझ्याकडे बघितलं आणि माइकवाल्या पोराला सांगायला निघून गेला.

ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. स्टेजच्या डाव्या हाताला मी टेबल मांडलं, त्यावर दुकानातून आणलेल्या निळ्या कव्हरांच्या कॅसेटी. रिक्षातून काकू आल्या. इस्त्रीची सुती साडी, हातात पर्स. दापोडीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर अशा बसल्या, जशा काही त्यांचीच वस्ती. मावशींनी पहिलं गाणं उचललं आणि मंडप हलला. बक्षिसं सुरू झाली. लोक माझ्या टेबलाशेजारून स्टेजकडे जात होते, नोट देत होते, नाव पुकारून घेत होते, आणि माझ्या टेबलाशेजारूनच परत जात होते. माइकवाल्यानं सांगितलं होतं तसं सांगितलं, की आजपासून जो कोणी मावशींची ओरिजिनल कॅसेट घेईल त्याचंही नाव, गाव, तालुका पुकारला जाईल. कोणीतरी शिट्टी मारली. कोणी उठलं नाही. दुसरं गाणं झालं. होस्टेलची मुलं मागे उभी होती, तीही हलली नाहीत. भाऊ स्टेजच्या पायऱ्यांपाशी खाली मान घालून उभा. मी कॅसेटींची रांग उगीच पुन्हा सरळ केली.

तेव्हा काकू उठल्या. टेबलापाशी आल्या, एक कॅसेट उचलली, दुकानात करतात तसं कव्हर उलटसुलट करून बघितलं, आणि माझ्याकडे पैसे दिले. स्वतःच्याच मालाचे. मग माइकवाल्याकडे गेल्या.

"कसबा पेठेतल्या काकूंकडून एक कॅसेट!" तो ओरडला.

"तालुका राहिला," काकू म्हणाल्या. माइक जवळ होता, सगळ्या मंडपानं ऐकलं.

"तालुका… तालुका हवेली!"

"आणि एक नाही, दोन घेते. पुन्हा म्हणा."

मंडप हसला. आणि त्या हसण्यातून मागून एक दणकट आवाज आला, "पुण्यावाल्या बाई दोन घेतात, अन् तुमसरवाले का झोपले?" एक मध्यमवयाचा कामगार उठला. मुक्काम अमुक, तालुका तुमसर, एक कॅसेट! त्याच्या मागे दुसरा, साकोलीचा. मग माइकवाल्या पोराला चेव चढला. "तुमसर दोन, साकोली तीन! पवनीचं कोणी आहे का मंडपात? का पवनीवाले फक्त ऐकाले आले?" पवनीवाला लाल होऊन उठला. बायकांच्या बाजूनं एक आजी ओरडली, "लाखांदूर! लाखांदूर लिव!" मावशी पेटीवर कोपर टेकवून खुदुखुदु हसत होत्या. ढोलकीवाला प्रत्येक नावाला एक थाप देत होता.

बऱ्याच वेळानं होस्टेलचा तो पुढारी टेबलापाशी आला. मला वाटलं, काहीतरी टोमणा मारणार. त्यानं कॅसेट घेतली आणि हळूच विचारलं, "ताई, माझं नाही, आईचं नाव पुकारलं तर चालते का?"

चालतं, मी म्हणाले. त्यानं चिठ्ठी लिहून दिली. माइकवर त्याच्या आईचं नाव, गाव, तालुका घुमलं. तो हातातली कॅसेट झोळीत न टाकता तशीच धरून ऐकत राहिला. मग मला म्हणाला, "आजवर तिचं नाव माइकवर कोणी घेतलं नव्हतं. मजुरांच्या यादीत घ्यायचे, तेवढंच." त्याच्यानंतर होस्टेलची जवळजवळ सगळी मुलं आली. सगळी आईच्या नावानं. एक आजीच्या. कप्पा भरायला ठेवलेलं दुसरं खोकंही मला उघडावं लागलं.

ह्यानं पोरं सुधारली, असं मी म्हणणार नाही. आठवड्यानं तोच पुढारी दुकानात आला आणि त्यानं अजून एक कॅसेट घेतली. मी विचारलं, "ही कोणासाठी?"

"होस्टेलसाठी. हिच्यावरून भरून घेतात सगळे."

"अन् तुमच्याकडची?"

तो मला वेड्यात काढल्यासारखा बघायला लागला. "ती आईच्या नावाची आहे ताई. तिच्यावरून कशी भरू देईन?"

काकूंनी पेपर खाली केला. "म्हणजे आईची चोरी करत नाही. स्वतःची करतो."

"हव काकू," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

मी त्यानंतर ह्याच्यावर पुष्कळ विचार केला. माझी शाळा कमी, मला नीट मांडता येणार नाही. पण माणूस गाण्याचे पैसे द्यायला तयार नसतो हे मला पुन्हा कधी खरं वाटलं नाही. तो सॉफ्टवेअरवाला वडिलांसाठी ओरिजिनल घेतो, हा आईसाठी घेतो. स्वतःसाठी दोघांनाही नक्कल पुरते. मी तेव्हाच ठरवलं की हा कप्पा मी हलू द्यायची नाही. वर्षभर मी जिथे जिथे कार्यक्रम असेल तिथे टेबल घेऊन गेले, येरवड्याला, पिंपरीला, बोपोडीला. नाव पुकारायला लावायचे. हसणारे हसायचे. आणखी दोन पार्ट्यांनी खोकी पाठवली. मावशींचा ढोलकीवाला भट्टीवर गेलाच, पण पुढच्या वर्षी परत आला, आणि मावशींनी नवी कॅसेट केली.

पण हे सगळं पुढचं. त्याआधी मे संपला. भाचा आला तेव्हा काकूंनी त्याला सरबत दिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या मेला विचार." त्याच आठवड्यात एका संध्याकाळी भाऊ दुकानात आला. कामावरूनच आला होता, हातांना ऑइल. आत न येता पायरीवरूनच म्हणाला, "काकू, आईचा निरोप आला आहे. त्या स्थळवाल्यायले थांबायचं नाही. आता खरं सांगा, दुकान चालते का?"

खरं म्हणजे दुकान चालत होतं असं म्हणायला जीभ वळली नसती. एका कप्प्यावर दुकान चालत नाही.

काकू काउंटरमागून बाहेर आल्या आणि माझ्या पुढे, दारात उभ्या राहिल्या. "चालतं. तुमची बहीण चालवते. तिला गावाला पाठवलीत तर मला तिच्या जागी तुम्हाला ठेवून घ्यावं लागेल, आणि तुमचा आवाज फार मोठा आहे."

"पण उद्या बंद पडलं त?"

"दुकान बंद पडलं तरी मी वरच राहते. ती माझ्याकडे राहील. तुमच्या नियमात दुकान आहे ना? मग माझं घर दुकानाच्या वर आहे, हे लक्षात घ्या."

भावानं माझ्याकडे बघितलं. "तुले राह्यचंच आहे का?"

"हव," मी म्हणाले. "राह्यचं आहे."

त्यानं हात पँटला पुसले. काकूंना म्हणाला, "बरं मग. आईले मी सांगतो." आणि गेला. सांगितलंही त्यानंच. आई दोन महिने माझ्याशी बोलली नाही, मग बोलायला लागली.

काकूंनी मला दहावीला बाहेरून बसवलं, गणितात मी दोनदा आपटले तेव्हा "तिसरी बाजू लाव" म्हणाल्या. दुकान पुढे काही वर्षं चाललं. मग गाणी फोनमध्ये गेली आणि काकूंनी स्वतःच एक दिवस शटर ओढलं, न रडता. आज दापोडीत माझं छोटं दुकान आहे. पुस्तकं, फोटो, झेंडे, आणि एका बाजूला पेन ड्राइव्ह, गाणाऱ्यांनीच भरून दिलेले. पोरं अजून म्हणतात, ताई, हे तर फुकट मिळतं. मी म्हणते, मिळतं ना, फुकटचं घ्या; पण कोणाच्या नावाचं हवं असेल तर इथे आहे.

काकूंची ती इमारत आता पाडणार आहेत. बिल्डर आलाय, काकूंनी राहायचं कुठे विचारलं की भाचा "बघू" म्हणतो. काकूंचे गुडघे गेलेत, जिना उतरायला त्यांना मी लागते, रविवारी जाते. मी तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघायला लागले आहे. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "दापोडीत मला करमायचं नाही. आणि तुला अजून एकाच खोलीचं भाडं जड जातंय, दोन कुठून आणशील?" कुठून ते मला आज माहीत नाही. खोल्या मोठ्या नसतील, रस्त्याचा आवाजही येईल. पण एक ना एक दिवस मी त्यांना माझ्या घरी राहायला आणणार आहे, पाहुणी म्हणून नाही, कायमची. हे त्यांना तोंडावर सांगितलं की त्या विषय बदलतात, म्हणून इथे लिहून देते.